अलिगढचा दोन वर्षांचा वर्ग

गेल्या महिन्यात एका विद्यापीठाची जाहिरात वाचली. संज्ञापन व पत्रकारिता विभागासाठी प्राध्यापक आणि विभागप्रमुख हवेत. अटी नेहमीच्या. पीएच.डी., किमान दहा वर्षांचा अध्यापनाचा किंवा संशोधनाचा अनुभव, मान्यताप्राप्त नियतकालिकांत दहा शोधनिबंध, संशोधनाचे १२० गुण. ती जाहिरात मी एका जुन्या मित्राला पाठवली. मित्र उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या वर्तमानपत्रांत पंचवीस वर्षं घासून निघालेला आहे. दंगलीपासून दूधदरापर्यंत सगळं त्याने लिहिलंय. त्याचं उत्तर आलं, ‘भाई, यात मी शिपाई म्हणूनसुद्धा बसत नाही.’

हसलो, पण डोक्यात १९३८ सालचं अलिगढ आलं. आपल्याकडे प्रसारमाध्यमांवर बोलणं सुरू झालं, की तासाभरात गाडी एकाच ठेसनावर येऊन थांबते. ‘मीडियात आपली माणसं नाहीत.’ तक्रार खोटी नाही. पण भारतातल्या विद्यापीठांत पत्रकारितेचे विभाग नव्हतेच म्हणावेत अशा काळात एका मुस्लिम संस्थेने तो वर्ग काढला होता, त्यासाठी माणूस बोलावला होता आणि दोन वर्षांत तो वर्ग बंद झाला होता, हे त्या चर्चेत कुणी काढत नाही.

तसं पाहिलं तर अलिगढमध्ये आधी छापखाना आला आणि मग कॉलेज. सर सय्यद अहमद खानांचं ‘अलिगढ इन्स्टिट्यूट गॅझेट’ १८६६ मध्ये निघालं. ‘तहजीब-उल-अखलाक’ १८७० मध्ये. मोहमडन अँग्लो ओरिएंटल कॉलेजची सुरुवात त्यानंतरची, १८७५ची. त्याच कॉलेजात शिकलेल्या मौलाना मोहम्मद अली जौहर यांनी १९११ मध्ये कलकत्त्याहून इंग्रजी ‘कॉम्रेड’ काढलं आणि दोन वर्षांनी दिल्लीतून उर्दू ‘हमदर्द’. १९२० मध्ये असहकाराच्या लाटेत अलिगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले कुलगुरू, म्हणजे शेख-उल-जामिया, हेच मोहम्मद अली झाले. एक वर्तमानपत्रवाला विद्यापीठाचा प्रमुख झाला आणि त्या काळात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

त्यामुळे अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने पत्रकारिता शिकवायला घेणं अगदी स्वाभाविक होतं. त्याआधी अड्यारला अ‍ॅनी बेझंट यांनी १९२०च्या सुमारास राष्ट्रीय विद्यापीठात असा एक प्रयत्न केला होता. दुसरा अलिगढचा. तो ज्यांनी केला ते सर शाह मुहम्मद सुलेमान मोठे विलक्षण गृहस्थ होते. जौनपूर-आझमगढ भागातले, केंब्रिजला गणित शिकलेले, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. मेरठ कटाच्या खटल्यात कम्युनिस्टांना झालेल्या शिक्षा १९३३ मध्ये अपिलात कमी झाल्या, त्या खंडपीठावर ते होते. फावल्या वेळात आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाला आव्हान देणारे लेखही लिहायचे. (ते आव्हान टिकलं नाही, पण न्यायाधीशाने रात्री बसून गुरुत्वाकर्षणाची गणितं करावीत याचं मला कौतुक आहे.) ऑक्टोबर १९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झालं तेव्हा त्यात तीनच न्यायाधीश होते. सर मॉरिस ग्वायर, सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर. पुढे हे तिघंही कुलगुरू झाले. ग्वायर दिल्लीचे, सुलेमान अलिगढचे आणि जयकर पुण्याचे, तेही पहिले.

सुलेमान १९३८ मध्ये अलिगढचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी त्यांनी पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू केला. शिकवायला रहम अली अल-हाशमी यांना बोलावलं. अल-हाशमी उर्दू सहाफतीतले जाणकार होते.

ही निवड नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. त्या काळी परदेशात पत्रकारितेचं शिक्षण मिळत होतं. तिथली पदवी घेतलेला कुणी शोधायचा, इंग्रजीत व्याख्यानं ठेवायची, असं करता आलं असतं. पण उर्दू अखबाराचं कामच निराळं होतं. बातमी तारेने इंग्रजीत यायची. ती उपसंपादकाने उर्दूत उतरवायची, तीही अशी की लखनौच्या वकिलाला आणि कानपूरच्या विणकराला एकाच वेळी कळावी. मग ती कातिबाच्या हाती द्यायची. उर्दूचं नस्तालिक वळण शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नव्हतं, म्हणून अख्खा अखबार हाताने लिहिला जायचा आणि शिळाप्रेसवर छापला जायचा. रात्री उशिरा मोठी बातमी आली तर जुळवलेला मजकूर खालीवर सरकवायची सोय नव्हती, कातिबाला पुन्हा बसवावं लागे. किती शब्दांत किती जागा जाते हे संपादकाला डोळ्यांनी मोजता आलं पाहिजे. भाषांतराची घाई, कातिबाचा वेग, कागदाचा खर्च, सरकारने मागितलेला जामीन या सगळ्याचा हिशेब एकाच डोक्यात चालायचा. हे शिकवायला ते करणाराच माणूस लागतो. सुलेमान यांनी तो शोधला, यात त्यांची नजर दिसते.

गंमत म्हणजे १९३८ हे साल उर्दू वाचकांसाठी आणखी दोन कारणांनी महत्त्वाचं. मुंबईत अब्दुल हमीद अन्सारी यांनी ‘इन्किलाब’ सुरू केलं ते याच वर्षी. आणि पंचवीसेक वर्षं आपल्या औरंगाबादेत ठाण मांडून बसलेली अंजुमन तरक्की-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी याच वर्षी दिल्लीला हलवली. म्हणजे एकीकडे अखबार निघत होते, दुसरीकडे भाषेची संस्था राजधानीत जात होती आणि तिसरीकडे विद्यापीठात सहाफतीचा वर्ग भरत होता. तिन्ही धागे एकत्र आले असते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ते झालं नाही. अल-हाशमी अलिगढमधून गेले आणि १९४० मध्ये अभ्यासक्रम बंद पडला. म्हणजे जेमतेम दोन वर्षं.

माझ्या मते चूक माणूस निवडण्यात झाली नव्हती. चूक माणसाच्या खाली काही न ठेवण्यात झाली. अभ्यासक्रम एका कुलगुरूच्या इच्छेवर उभा होता, आणि तो कुलगुरू स्वतः दिल्लीत फेडरल कोर्टाचा न्यायाधीश होता. निकालपत्रं लिहून उरलेल्या वेळात विद्यापीठ चालवत होता. शिकवण्याचा सगळा भार एका माणसावर होता. तो गेला तर त्याच्या जागी उभा राहील असा दुसरा कुणी तयार झालेला नव्हता, आणि दोन वर्षांत होणारही नव्हता. सुलेमान यांचं मार्च १९४१ मध्ये निधन झालं. त्यानंतर हा वर्ग पुन्हा उघडा म्हणून पाठपुरावा करणारं कोण होतं? ते दशक तर असं होतं, की अलिगढमध्ये राजकारणापुढे बाकी सगळं मागे पडलं.

अल-हाशमी यांनी मात्र हातातलं काम टाकलं नाही. त्यांचं ‘फन-ए-सहाफत’ हे पुस्तक १९४३ मध्ये आलं. प्रकाशक कोण, तर औरंगाबादहून दिल्लीला गेलेली तीच अंजुमन. वर्ग बंद झाल्यावर त्याचं पाठ्यपुस्तक छापून आलं.

इथे जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण पुढे आपल्याकडचे विभाग तिथल्याच वळणाने घडले. जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या शाळेसाठी पैसे देऊ केले, तेव्हा १८९२ मध्ये विद्यापीठाने चक्क नकार दिला. पत्रकारिता हा शिकवायचा विषय आहे का, असं तिथल्या विश्वस्तांनाही वाटत होतं. पुढे वीस लाख डॉलरची देणगी ठरली आणि १९१२ मध्ये, पुलित्झर गेल्यावर, ती शाळा उघडली. पहिले प्रमुख टॅल्कॉट विल्यम्स. वय साठीच्या पुढे, आयुष्य वर्तमानपत्रात गेलेलं. त्याआधी १९०८ मध्ये मिसुरी विद्यापीठाने पत्रकारितेचं स्कूल काढलं, त्याचे डीन वॉल्टर विल्यम्स. हे गृहस्थ कॉलेजात कधी गेलेच नव्हते. गावातल्या वर्तमानपत्राचे संपादक होते, पदवी नव्हती. पण पहिल्याच दिवसापासून विद्यार्थ्यांकडून खरंखुरं दैनिक काढून घेत होते. पुढे ते त्या अख्ख्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

अल-हाशमी आणि वॉल्टर विल्यम्स यांच्यात लायकीचा फरक नव्हता. फरक त्यांच्या मागे काय होतं याचा. मिसुरीत स्कूल होतं, दैनिक होतं, सरकारी विद्यापीठाचा पैसा होता. कोलंबियात देणगीचा निधी होता, जो देणाऱ्याच्या मृत्यूनंतरही व्याज देत राहिला. अलिगढमध्ये एक वर्ग आणि एक उस्ताद.

अलिगढचा वर्ग बंद झाल्यावर वर्षभरात, १९४१ मध्ये, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात विभाग सुरू झाला. तिथे परदेशात पत्रकारिता शिकून आलेल्या पृथ्वीपाल सिंग यांना नेमलं. हा विभाग टिकला, पण त्याच्या नशिबी वेगळंच होतं. फाळणीत त्याचेच दोन तुकडे झाले. पृथ्वीपाल सिंग दिल्लीत आले, निर्वासितांच्या शहरात त्यांनी विभाग पुन्हा मांडला. १९६२ मध्ये तो चंडीगडला गेला. लाहोरचा विभाग लाहोरातही चालू राहिला, पुढे अब्दुस्सलाम खुर्शीद यांच्यासारखे उर्दू सहाफतीचे इतिहासकार त्याचे प्रमुख झाले. जमीन, सैन्य, ग्रंथालयातली पुस्तकं वाटली गेली हे आपण वाचतो. पत्रकारितेचा एक विभागही वाटला गेला होता, आणि दोन्हीकडे जगला.

स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांचा काळ आला. नागपुरात हिस्लॉप कॉलेजने १९५२ मध्ये विभाग काढला तेव्हा त्याचं प्रमुखपद रोलंड वोल्सली यांच्याकडे गेलं. सिराक्यूज विद्यापीठातले प्राध्यापक, मासिकांच्या पत्रकारितेतले तज्ज्ञ, फुलब्राइट योजनेखाली आलेले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांचं वृत्तपत्रीय शहर. ‘हितवाद’ आणि ‘तरुण भारत’ तिथलेच. वोल्सली जेमतेम वर्षभर होते, पण तेवढ्यात त्यांनी भारतीय पत्रकारांकडून लेख लिहून घेऊन ‘जर्नालिझम इन मॉडर्न इंडिया’ हे पुस्तक संपादित केलं. १९५३ मध्ये ते मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाऊसने छापलं. पाहुणे गेल्यावर विभाग बंद पडला नाही. सिराक्यूजला शिकलेल्या के. ई. ईपन यांच्यासारख्या भारतीय प्राध्यापकाने तो पुढे नेला, आणि ईपन देशातल्या संज्ञापन शिक्षणातलं मोठं नाव झालं. याच वोल्सलींनी नंतर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांवर १९७१ मध्ये महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. बाजूला पडलेल्या समाजाची पत्रकारिता हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे एका गोऱ्या प्राध्यापकाला कळलं होतं.

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठात १९५४ मध्ये विभाग आला. तिथेही अमेरिकनच, डी फॉरेस्ट ओडेल. अमेरिकेतल्या पत्रकारिता शिक्षणाचा इतिहास त्यांनी १९३५ मध्येच लिहिला होता, म्हणजे माणूस पुरेपूर योग्य. तरीही मराठवाड्याच्या माणसाला इथे थोडं अडखळायला होतं. (मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता.) उस्मानिया हे १९१८ मध्ये सुरू झालेलं उर्दू माध्यमाचं विद्यापीठ. वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूत शिकवायचं म्हणून ‘दारुल तर्जुमा’ उभारून तिथे पुस्तकांची भाषांतरं करून घेतली. पोलीस अ‍ॅक्शननंतर माध्यम इंग्रजी झालं. त्यामुळे पत्रकारितेचा विभाग आला तोवर, ज्या विद्यापीठाने शरीरशास्त्र उर्दूत शिकवलं होतं, तिथे बातमी लिहायला मात्र इंग्रजीत शिकवायची वेळ आली. त्याच शहरात सहा वर्षांपूर्वी ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांना भारतात विलीन व्हा असं लिहिल्याबद्दल रस्त्यात ठार केलं होतं. १९४९ मध्ये तिथेच ‘सियासत’ निघालं होतं. शहरात उर्दू पत्रकारितेला जिवाची किंमत होती, पण विद्यापीठाच्या वर्गात तिला जागा नव्हती. ती जागा हैदराबादेत मिळायला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ यावं लागलं. ते आलं १९९८ मध्ये.

आपल्या पुण्याचं एका वाक्यात सांगतो. जयकरांच्या विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ मध्ये आला, आणि मराठी वृत्तपत्रांच्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या.

अलिगढमध्ये जे हुकलं ते अखेर जामियाने केलं, चव्वेचाळीस वर्षांनी. १९७८ मध्ये अन्वर जमाल किदवई जामियाचे कुलगुरू झाले. ते आधी केंद्रात माहिती व प्रसारण खात्याचे सचिव होते. दूरदर्शन म्हणजे काय आणि ते देशाचं काय करणार आहे, हे फाइलींतून पाहिलेला माणूस. जामिया तेव्हा केंद्रीय विद्यापीठही नव्हतं (ते १९८८ मध्ये झालं), पैशाची कायम ओढाताण. अशा जागी किदवईंनी १९८२ मध्ये मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर काढलं. वेळ बरोबर साधली होती. त्याच वर्षी दिल्लीत एशियाड झालं आणि टीव्ही रंगीत झाला. १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचे शैक्षणिक कार्यक्रम उपग्रहावरून दूरदर्शनवर दिसू लागले आणि ते तयार करायला कॅमेरे, स्टुडिओ, माणसं लागणारच होती.

या कामासाठी किदवईंनी बोलावलं जेम्स बेव्हरिज यांना. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक, तिथल्या चित्रपट शिक्षणाची पायाभरणी करणारे. त्याआधी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात जॉन ग्रिअर्सन यांच्या हाताखाली तयार झालेले माहितीपटकार. आणि मुख्य म्हणजे भारत ओळखणारे. पन्नाशीच्या दशकात बर्मा-शेलसाठी माहितीपट काढत ते इथे राहिले होते, काश्मीरच्या कारागिरांवर त्यांनी फिल्म केली होती. नाव मोठं म्हणून आणलेला हा पाहुणा नव्हता.

पण मला किदवईंचं कौतुक बेव्हरिजना आणल्याबद्दल नाही. मोठी माणसं सुलेमान यांनीही आणली होती. किदवईंनी पाहुण्याबरोबर एका विद्यापीठाचा करार आणला, कॅनडा सरकारच्या मदत संस्थेचा पैसा आणला, यंत्रसामग्री आणली आणि आपलीच पोरं मास्तर म्हणून तयार होतील अशी सोय केली. आणि १९८३ मध्ये कुलगुरुपदाची मुदत संपल्यावर घरी गेले नाहीत, या केंद्राच्याच कामात राहिले. कुलगुरू राहिलेल्या माणसाने आपणच काढलेल्या एका विभागात येऊन बसणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. त्यांनी ते केलं. म्हणून बेव्हरिज परत गेल्यावरही केंद्र उभं राहिलं. आज त्यावर किदवईंचं नाव आहे. शाहरुख खान तिथे शिकायला होता एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण देशभरातल्या वृत्तवाहिन्यांत, माहितीपटांत कॅमेऱ्यामागे उभी असलेली तिथली कितीतरी मुलं-मुली आहेत, आणि त्यात आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलीही आहेत.

आता त्या जाहिरातीकडे परत येतो. वॉल्टर विल्यम्स तिच्या पहिल्याच अटीला बाद. अल-हाशमी यांचं ‘फन-ए-सहाफत’ शोधनिबंधांच्या रकान्यात बसत नाही. सचिवपदी आयुष्य घालवलेले किदवई अध्यापनाची दहा वर्षं कुठून आणणार? नियमांत व्यवसायातून येणाऱ्या नामवंतांसाठी वेगळी वाट आहे, पण पीएच.डी. तिथेही लागतेच. २०२२ मध्ये यूजीसीने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय केली. पंधरा वर्षांचा अनुभव हवा, पदवीची अट नाही. पण ही नेमणूक मंजूर पदांच्या बाहेरची आणि जास्तीत जास्त चार वर्षांची. म्हणजे माणूस मिळेल, त्याच्या मागे पद नसेल. अलिगढमध्ये हेच झालं होतं, फक्त तिथे दोन वर्षं होती.

अटी नकोतच असं मी म्हणत नाही. अटी नसत्या तर ओळखीपाळखीचा बाजार आणखी भरला असता, आणि त्यात आपली माणसं आधी बाहेर पडली असती, हे मला ठाऊक आहे. पण शोधनिबंध मोजून घेतलेल्या प्रमुखाच्या हाताखाली विभाग तासिका तत्त्वावरच्या मास्तरांच्या भरवशावर चालवायचा, त्यांना महिनोन्महिने मानधन द्यायचं नाही, हा कुठला न्याय? आणि आपल्या समाजाच्या ज्या शिक्षणसंस्था आहेत, महाराष्ट्रात कमी नाहीत, त्यांच्याकडे बी.एड., डी.एड., फार्मसी सगळं आहे. पत्रकारितेचा विभाग काढायचा तर ते विचारतात, ‘बच्चे मिलेंगे क्या?’ मुलं मिळतील का, हे सगळे विचारतात. उस्ताद कोण आणि तो गेल्यावर दुसरा कोण, हे अजून कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘अल-हाशमींचं ते पुस्तक कुठे मिळेल?’ रेख्ताच्या संकेतस्थळावर जुनी उर्दू पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात, तिथे शोध म्हटलं. वाचून झालं की मराठीत आणायला घेऊ, असं आमचं ठरलंय. पहिली दोन प्रकरणं त्याची, पुढची माझी.